गिअरबॉक्सला पुढचा रस्ता दिसत नाही: पॅडल शिफ्टरची सवय कशी करावी

स्टिअरिंगच्या मागे, दोन्ही हातांच्या बोटांना सहज लागतील अशा दोन पातळ पट्ट्या असतात. उजव्या पट्टीवर अधिकचे चिन्ह असते आणि डावीवर उणेचे. उजवी आपल्याकडे ओढली की गिअर एकाने वर जातो, डावी ओढली की एकाने खाली येतो. पॅडल शिफ्टर म्हणतात ते हेच. इतकी साधी गोष्ट असूनही, ऑटोमॅटिक गाडी घेतलेले बहुतेक जण सुरुवातीच्या दिवसांत ती चार वेळा ओढून पाहतात, इंजिनचा आवाज बदलला की खूश होतात आणि नंतर गाडी विकेपर्यंत तिला हात लावत नाहीत. ऑटोमॅटिक गाडी आपले गिअर आपणच बदलते, मग हे कशाला, असा त्यामागचा विचार असतो. हा विचार शहरातल्या रोजच्या ये-जा करण्यापुरता बरोबर आहे. पण विदर्भातल्या दुपदरी रस्त्यांवर आणि मेळघाटच्या उतारांवर गाडी चालवणाऱ्याने या पट्ट्या, विशेषतः डावी पट्टी, नीट शिकून घ्यावी असे माझे ठाम मत आहे आणि ते का, हे या लेखात सविस्तर सांगतो.

पॅडल शिफ्टर म्हटले की डोळ्यांसमोर फेरारी येते, परंतु आपल्याकडे ते फार खालच्या किमतीपर्यंत आले आहेत. फोक्सवॅगन व्हर्टस जीटी, स्कोडा स्लाव्हिया, ह्युंदाई आय-ट्वेंटी एन लाइन अशा चपळ गाड्यांच्या ऑटोमॅटिक प्रकारांत ते आहेतच, शिवाय होंडा सिटी किंवा मारुती ब्रेझासारख्या घरगुती गाड्यांच्या ऑटोमॅटिक प्रकारांतही ते मिळतात. त्यामुळे पुढे जे सांगितले आहे ते फक्त स्पोर्ट्स कारवाल्यांपुरते नाही.

या पट्ट्यांचा उगम शर्यतीच्या मैदानावरचा आहे. १९८९ साली फॉर्म्युला वनमध्ये फेरारीने ६४० ही गाडी उतरवली. जॉन बर्नार्ड या अभियंत्याने आखलेल्या या गाडीत गिअरची दांडी काढून टाकून स्टिअरिंगमागे पट्ट्या बसवल्या होत्या. चालकाने पट्टी ओढायची आणि क्लच दाबणे, गिअर टाकणे ही कामे विजेच्या संदेशावर चालणाऱ्या हायड्रॉलिक यंत्रणेने करायची, अशी ती रचना होती. नव्या यंत्रणेचा भरवसा कोणालाच नव्हता, तरी हंगामाची पहिलीच ब्राझीलची शर्यत नायजेल मॅन्सेलने याच गाडीने जिंकली आणि पुढच्या काही वर्षांत सगळ्याच संघांनी ही पद्धत उचलली. १९९७ साली फेरारीने एफ-३५५ या रस्त्यावरच्या गाडीत ती आणली. शर्यतीत या पट्ट्यांचा मुख्य फायदा वेळेचा होता आणि दोन्ही हात स्टिअरिंगवरच राहत होते. आपल्या कामाचा फायदा यातला दुसरा आहे, आणि त्याखेरीज तिसरा एक आहे, जो शर्यतवाल्यांनी वेगळा मोजण्याची गरजच नव्हती.

तो समजण्यासाठी आधी गिअरबॉक्स निर्णय कसा घेतो ते पाहू. ऑटोमॅटिक गाडीत गिअर बदलण्याचा निर्णय एक छोटा संगणक घेतो. गाडीचा वेग किती, इंजिन मिनिटाला किती फेरे घेत आहे, म्हणजे आरपीएम किती, ॲक्सिलरेटर किती दाबला आहे, ब्रेक दाबला आहे का, गाडी चढावर आहे की उतारावर, अशी माहिती त्याच्याकडे सेकंदाला कितीतरी वेळा येत असते. पण ही सगळी माहिती या क्षणाची किंवा नुकत्याच सरलेल्या क्षणाची असते. पुढच्या वळणामागे काय आहे, समोरचा ट्रक साइड देणार आहे की नाही, दोनशे मीटरवर उतार सुरू होतो की नाही, हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो. हे फक्त चालकाला दिसते. बैलगाडी हाकणारा उतार लागण्याआधीच कासरा आखडतो. गाडी बैलांच्या अंगावर येऊ लागल्यावर आखडण्याला अर्थ नसतो, हे त्याला माहीत असते. डावे पॅडल ओढणे म्हणजे गिअरबॉक्सला अशीच आगाऊ सूचना देणे होय. पॅडल शिकण्यात खरे शिकायचे असते ते एवढेच: गरज पडण्याच्या आधी, दोन-तीन सेकंद अगोदर, योग्य गिअर मागून घेणे.

‘मागून घेणे’ असे मी मुद्दाम म्हणतो, कारण पॅडल हे केवळ विजेचे एक बटण आहे. त्याला जोडलेली कोणतीही तार गिअरपर्यंत जात नाही. पट्टी ओढली की संगणकाकडे विनंती जाते. ती मान्य करायची की नाही हे तो ठरवतो. शंभरच्या वेगात तुम्ही दुसरा गिअर मागितला तर इंजिन लाल रेषेच्या, म्हणजे आरपीएमच्या सुरक्षित मर्यादेच्या, पुढे फिरेल हे त्याला कळते आणि तो नकार देतो. उलट, तुम्ही तिसऱ्यात गाडी ठेवून वेग अगदी कमी केलात तर इंजिन गचके देऊ लागण्यापूर्वी तो स्वतःच खालचा गिअर टाकतो. त्यामुळे शिकताना चुकीच्या बोटाने चुकीची पट्टी ओढली गेली तरी इंजिन फुटेल किंवा गिअरबॉक्स तुटेल ही भीती मनातून काढून टाकावी. नव्या माणसाचे हात या भीतीनेच आखडतात.

पट्टीच्या मागे गिअरबॉक्स कोणत्या जातीचा आहे यावर मात्र अनुभव बराच बदलतो. ब्रेझासारख्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टर असतो, म्हणजे इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेलातून जोर पोचतो. त्यात बदल मऊ होतो पण किंचित सावकाश. सिटीमध्ये सीव्हीटी असते. तिच्यात खरे गिअर नसतातच, पट्टा आणि पुल्या असतात, आणि पॅडल ओढल्यावर ती काही ठरावीक गुणोत्तरे धरून ठेवते. व्हर्टस जीटी किंवा स्लाव्हियाच्या दीड लिटर इंजिनाच्या प्रकारात दोन क्लचचा सात गिअरचा बॉक्स असतो, ज्याला डीएसजी किंवा सर्वसाधारण नावाने डीसीटी म्हणतात. याची रचना फार सुंदर आहे. एका दांड्यावर विषम क्रमांकाचे गिअर आणि दुसऱ्यावर सम क्रमांकाचे, आणि प्रत्येक दांड्याला स्वतंत्र क्लच. गाडी तिसऱ्यात धावत असताना चौथा गिअर दुसऱ्या दांड्यावर आधीच टाकून ठेवलेला असतो. तुम्ही उजवी पट्टी ओढली की एक क्लच सुटतो आणि दुसरा त्याच वेळी धरतो. म्हणूनच वर जाताना गचका लागत नाही आणि डोळ्याची पापणी लवण्याआधी काम होते. खाली येताना मात्र बॉक्सचा अंदाज कधी कधी चुकतो. गाडी चौथ्यात असताना तो पाचवा तयार ठेवून बसलेला असतो आणि तुम्ही तिसरा मागता. अशा वेळी अर्धा क्षण जास्त लागतो, इंजिन आपोआप थोडी रेस घेते आणि मग गिअर बसतो. हा दोष नाही, पण तो लक्षात घेऊनच पट्टी थोडी आधी ओढायची असते.

आता हातांविषयी. आपल्याकडे स्टिअरिंग उजव्या बाजूला असते, त्यामुळे साध्या गाडीवर शिकलेल्या प्रत्येकाच्या डाव्या हाताला गिअरची सवय असते: वर जायचे असो की खाली यायचे असो, काम डाव्याचे. पॅडलमध्ये हे काम दोन हातांत वाटले जाते आणि सुरुवातीचा सगळा गोंधळ इथेच होतो. वेग वाढवताना डावा हात नकळत मधल्या दांडीकडे जातो, किंवा वरचा गिअर हवा असताना डावीच पट्टी ओढली जाते. त्यावर उपाय असा की आधी गाडी उभी असतानाच सराव करावा. घड्याळातील नऊ आणि तीनच्या जागी हात ठेवावेत, अंगठे स्टिअरिंगच्या कडेवर टेकवावेत आणि मधली दोन बोटे पट्टीवर हलकी ठेवून न पाहता ती शोधता येतात का ते बघावे. त्यानंतर एखाद्या मोकळ्या सरळ रस्त्यावर फक्त उजव्या पट्टीने वर जाण्याचा सराव करावा आणि खाली येण्याचे काम गाडीवर सोडून द्यावे. उजव्या हाताला त्याचे काम कळले की मगच डाव्याला घ्यावे. दोन्ही एकाच दिवशी शिकायला गेले की बोटे घोटाळतात.

डाव्या पायाचाही बंदोबस्त करायला हवा. गिअर बदलायचा विचार मनात आला की साध्या गाडीवर वाढलेला डावा पाय क्लच शोधत पुढे जातो आणि ऑटोमॅटिक गाडीत त्याला सापडतो तो ब्रेकचा रुंद पेडल. मग गाडी जागच्या जागी थांबते आणि मागून येणारा दुचाकीवाला डिकीवर आदळता आदळता वाचतो. पॅडल वापरू लागल्यावर ही जुनी सवय पुन्हा जागी होते, कारण मेंदूला ‘मी गिअर बदलतो आहे’ असे वाटत असते. डावा पाय डावीकडच्या टेकूवर ठेवायचा आणि तो तिथून हलवायचाच नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा.

बहुतेक गाड्यांत पट्ट्या स्टिअरिंगलाच बसवलेल्या असतात आणि त्याच्याबरोबर फिरतात. काही महागड्या इटालियन गाड्यांत त्या मागच्या खांबाला पक्क्या असतात, पण आपल्याला सहसा पहिल्या प्रकाराशीच काम पडते. याचा अर्थ असा की स्टिअरिंग अर्धा फेरा फिरवले की उजवी पट्टी डावीकडे आलेली असते. वळणाच्या मध्यावर, हात एकमेकांवर आलेले असताना, पट्टी शोधू नये. वळण दिसताच, स्टिअरिंग सरळ असतानाच गिअर घेऊन टाकावा आणि वळण संपून स्टिअरिंग सरळ होईपर्यंत तोच ठेवावा. एवढा एक नियम पाळला तरी घाटात गाडी किती शांतपणे वळते याचा फरक मागे बसलेल्यांना कळतो, आणि ज्यांना गाडी लागते त्यांना तर हमखास कळतो.

आता ओव्हरटेक घेऊ. दिवाळीनंतर कापसाचा हंगाम सुरू झाला की जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते, आणि वरूड-मोर्शीकडे संत्र्याचे ट्रक त्यात भर घालतात. समजा, दुपदरी रस्त्यावर तुमच्या पुढे कापसाने फुगलेला ट्रक ५० च्या वेगाने चालला आहे. तुम्हीही ५० वर त्याच्या मागे आहात. पेट्रोल वाचवण्यासाठी गिअरबॉक्सने गाडी केव्हाच सहाव्यात नेऊन ठेवली आहे आणि काटा दीड हजार आरपीएमच्या खाली आहे. रस्ता मोकळा दिसताच तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता. आता काय होते? संगणकाला पाय खाली गेल्याचे कळते, तो ठरवतो की खालचा गिअर हवा, एक किंवा दोन गिअर उतरवतो, त्यानंतर टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा, हवा भरू लागतो आणि मग गाडी उठते. या सगळ्यात एखादा सेकंद सहज जातो. तुमचा वेग ५० आणि समोरून येणाऱ्याचा ७० असेल तर दोघांमधले अंतर दर सेकंदाला सुमारे ३३ मीटरने कमी होत असते. म्हणजे गाडी दम घेईपर्यंत ३३ मीटर रस्ता संपला, आणि तोही तुम्ही अर्धे उजवीकडे निघालेले असताना.

पॅडल असेल तर हा क्रम उलटा करता येतो. ट्रकच्या मागे असतानाच, अजून बाहेर निघायच्या आधी, डावी पट्टी तीनदा ओढावी: सहाव्यातून पाचवा, चौथा, तिसरा. इंजिनचा आवाज वाढेल आणि काटा अडीच हजाराच्या आसपास येईल. गाडीचा वेग तोच राहील, पण ती आता तयार असेल. व्हर्टस जीटीच्या दीड लिटर टर्बो इंजिनाचा पूर्ण २५० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, १६०० ते ३५०० आरपीएमच्या पट्ट्यात मिळतो, म्हणजे तुम्ही नेमके त्या पट्ट्याच्या मध्यावर येऊन बसलात. थोडे बाहेर डोकावून पाहावे. रस्ता मोकळा नसेल तर काहीच बिघडले नाही. मागे राहावे, हवे तर उजवी पट्टी ओढून पुन्हा चौथ्यात यावे. मोकळा असेल तर डिपर द्यावा, हॉर्न द्यावा आणि पाय दाबावा. गाडी त्याच क्षणी निघते. ओव्हरटेक करण्याचे धाडस यामुळे वाढता कामा नये. उजव्या बाजूला काढायचा वेळ कमी व्हावा, एवढ्यासाठीच हे आहे. शंका असेल तर ट्रकच्या मागेच राहणे चांगले, मग हातात कितीही चांगली गाडी असो.

टर्बो इंजिनाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. प्रत्येक गिअर लाल रेषेपर्यंत ताणायचा, हे तरुण मुले व्हिडिओ पाहून शिकतात. जोर जिथे मिळतो तो पट्टा ओलांडल्यावर आवाज वाढतो, पेट्रोल जळते, पण गाडी त्या प्रमाणात पळत नाही. चार हजारांच्या आसपास वरचा गिअर घेतला तर रोजच्या ओव्हरटेकला तो पुरेपूर पुरतो.

डाव्या पट्टीचे सर्वांत मोलाचे काम घाटात आहे. परतवाड्याहून धामणगाव गढीमार्गे चिखलदऱ्याला जाताना गाडी सुमारे सातशे मीटर चढते आणि परत येताना तेवढीच उतरते. माणसे आणि सामान धरून गाडीचे वजन दीड टन मानले, तर सातशे मीटर उतरताना तिच्यातून सुमारे एक कोटी ज्यूल ऊर्जा बाहेर पडायला हवी. महावितरणच्या बिलाच्या भाषेत ते जवळजवळ तीन युनिट होतात. तेवढ्या उष्णतेने साधारण ३५ लिटर थंड पाणी उकळेल. यातला काही भाग हवा आणि टायर खातात. उरलेली उष्णता कुठेतरी जायलाच हवी. तुम्ही नुसता ब्रेक दाबत उतरलात तर ती चाकांच्या डिस्क आणि पॅडमध्ये जाते. पॅड एका मर्यादेबाहेर तापले की त्यांची पकड कमी होते. ब्रेकचे तेल फार तापले तर त्याला उकळी फुटते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ लागून खाली जाऊ लागतो. डीओटी-४ जातीचे नवे तेल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते, परंतु हे तेल हवेतले पाणी शोषते आणि ठरावीक प्रमाणात पाणी शोषल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत घसरू शकते. तेल दोन वर्षांनी बदला असे कंपन्या सांगतात ते यासाठी.

इंजिन ब्रेकिंगमध्ये ही उष्णता इंजिनाकडे वळवली जाते. खालच्या गिअरात, पाय ॲक्सिलरेटरवरून पूर्ण काढला की चाके इंजिनाला फिरवू लागतात. पेट्रोल इंजिनात हवेचा मार्ग जवळजवळ बंद असतो, त्यामुळे पिस्टनला पोकळीविरुद्ध हवा ओढावी लागते, त्यात आतले घर्षण मिळते आणि गाडी आपोआप आवळलेली राहते. ब्रेक थंड राहतात आणि अचानक गरज पडली तर पूर्ण ताकदीने लागतात. मेळघाटात वळणावर गवा, सांबर किंवा नुसती गुरे उभी असू शकतात, तेव्हा हा शिल्लक ठेवलेला ब्रेकच कामाला येतो.

माझ्या चुलतभावाने नवी डीएसजी गाडी घेतली तेव्हा हाच घाट उतरताना मी त्याच्या शेजारी बसलो होतो. पहिल्या तीव्र उतारापूर्वी मी त्याला तिसरा घ्यायला सांगितला आणि नागमोडी वळण दिसताच दुसरा. काटा साडेतीन हजारांवर गेला तसा तो अस्वस्थ झाला. “दादा, आवाज लय वाढून राह्यला ना, इंजिन गरम तं नाही होणार?” मी त्याला तापमानाचा काटा दाखवला, तो जागचा हलला नव्हता. इंजिनाला पेट्रोल मिळतच नसेल तर ते तापणार कशाने? पाय काढलेला आणि गाडी गिअरात असली की ठरावीक आरपीएमच्या वर आजची इंजिने पेट्रोलचा पुरवठा पूर्ण बंद करतात. साडेतीन हजार आरपीएम हा त्या इंजिनाच्या रोजच्या कामाचा आकडा आहे, तो आवाज फक्त आपल्या कानाला अनोळखी असतो. पुढच्या काही वळणांतच त्याचा हात सैल झाला.

याच मुद्द्यावर आपल्याकडची एक जुनी सवय मोडायला हवी. उतार लागला की गाडी न्यूट्रल करायची, म्हणजे ॲव्हरेज वाढते, असे मानणारे चालक गावोगावी आहेत; काही तर इंजिनच बंद करतात. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांच्या काळात या समजाला थोडाफार आधार होता. आजच्या गाडीत तो पूर्ण उलटा पडतो. न्यूट्रलमध्ये इंजिन बंद पडू नये म्हणून पेट्रोल चालूच राहते, तर गिअरात ठेवून पाय काढला की ते शून्यावर येते. शिवाय न्यूट्रलमध्ये गाडीला धरून ठेवणारे फक्त ब्रेकच उरतात. इंजिन बंद केले तर ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांत संपते, पेडल दगडासारखा कडक होतो आणि स्टिअरिंगही जड होते. पॅडल असो वा नसो, घाटात हे कोणीही करू नये.

कोणता गिअर घ्यावा, याचे जुन्या ट्रकचालकांचे साधे गणित आजही उपयोगी आहे: ज्या गिअरात चढला असता त्याच गिअरात उतरावे. सात गिअरच्या गाडीत घाटातल्या सरळ भागात तिसरा आणि नागमोडी वळणांत दुसरा, हे साधारण बसते. सतत ब्रेक दाबावा लागत असेल तर अजून एक खाली यावे. मधूनमधून ॲक्सिलरेटर द्यावा लागत असेल तर एक वर जावे. ब्रेक लावायचा तेव्हा ठाम आणि थोडा वेळ लावावा, मग पूर्ण सोडावा. पाय त्यावर टेकवून ठेवू नये. एक लिटरच्या लहान टर्बो इंजिनात इंजिन ब्रेकिंग मुळातच कमी असते, तिथे एक गिअर आणखी खाली लागेल. जळका वास येऊ लागला किंवा पेडल मऊ लागला तर रुंद जागा पाहून थांबावे, ब्रेकला निवू द्यावे, आणि तापलेल्या डिस्कवर पाणी मुळीच ओतू नये, कारण अचानक थंड झाल्याने ती वाकडी होऊ शकते किंवा तिला तडा जाऊ शकतो.

मात्र एका ठिकाणी डावी पट्टी जपून वापरावी लागते, आणि ते ठिकाण आपल्याकडे पावसाळ्यात दर दोन मैलांवर भेटते. शेतातून निघालेले ट्रॅक्टर चाकांना चिकटलेली काळी माती डांबरावर सोडत जातात. तिच्यावर पावसाची सर आली की तेल सांडल्यासारखा थर तयार होतो. अशा जागी दोन गिअर एकदम उतरवले तर पुढच्या चाकांना, कारण या बहुतेक गाड्यांना जोर पुढच्या चाकांतूनच मिळतो, इंजिनाचा अचानक ओढा बसतो आणि तीच चाके स्टिअरिंगचे ऐकेनाशी होतात. संगणक इंजिनाला जपतो, पण चाकाखाली काय आहे हे त्याला चाक घसरल्यावरच कळते. ऑक्टोबरात रस्त्याच्या अर्ध्या भागावर सोयाबीन वाळत घातलेले असते, त्या दाण्यांवरही हेच. त्यामुळे एकेक गिअर, मध्ये श्वासभर थांबून आणि चिखल लागण्याआधीच्या कोरड्या डांबरावर उतरवावा.

उन्हाळ्यात प्रश्न वेगळा असतो. अकोला, चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. व्हर्टस जीटी आणि स्लाव्हियातला सात गिअरचा बॉक्स कोरड्या क्लचचा आहे. म्हणजे क्लच तेलात बुडालेले नसतात आणि निवायला त्यांना हवाच काय ती मिळते. लग्नाच्या वरातीमागे किंवा बाजाराच्या गर्दीत गाडी इंच-इंच सरकवत राहिली की क्लच अर्धवट घासत राहतात आणि तापतात. इथे पॅडलचा काहीही उपयोग नाही. पुढे पाच-सात मीटर जागा होऊ द्यावी, मग एकदाच पुढे जाऊन पूर्ण ब्रेक लावावा. चढावर ॲक्सिलरेटरच्या जोरावर गाडी तोलून धरणे हे तर या क्लचसाठी सर्वांत वाईट.

समृद्धी महामार्गावरही पट्ट्यांना फारसे काम नसते. नागपूरहून वर्धा, अमरावती, वाशिम, बुलढाणा असा जिल्ह्यांमागून जिल्हे ओलांडत जाताना मैदानी भागात १२० ची मर्यादा आहे आणि सातवा गिअर तिथे योग्यच असतो. फक्त बाहेर पडताना त्यांचा फायदा होतो. बराच वेळ एका वेगाने चालवल्यावर ८० चा वेगसुद्धा रांगल्यासारखा वाटतो आणि उतरणीच्या वळणावर माणूस नकळत जोरात येतो. बाहेर पडण्याची लेन सुरू होताच डावी पट्टी दोन-तीनदा ओढली की इंजिनाचा आवाज वाढतो, गाडी आवळते आणि वेगाची खरी जाणीव कानाला होते.

राहिला प्रश्न दांडीच्या डी आणि एम या दोन स्थितींचा. डी मध्ये गाडी स्वतः गिअर बदलते, एम मध्ये ते काम चालकाकडे असते. डी मध्ये चालत असताना पट्टी ओढली की बहुतेक गाड्या तात्पुरत्या तुमच्या हातात येतात आणि काही वेळ तुम्ही पट्टीला हात लावला नाही की पुन्हा स्वतः गिअर बदलू लागतात. हा वेळ प्रत्येक गाडीत वेगळा असतो, आणि उतारावर, पाय ॲक्सिलरेटरवर नसताना, काही गाड्या तो लांबवतात, काही नाहीत. ओव्हरटेकसाठी हीच स्थिती उत्तम, कारण काम झाल्यावर काही करावे लागत नाही. फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांत उजवी पट्टी क्षणभर ओढून धरली की गाडी लगेच डी वर परतते. घाटात मात्र दांडी एम वर घ्यावी, नाही तर वळणाच्या ऐन मध्यावर बॉक्स स्वतःच वरचा गिअर टाकतो आणि आवळलेली गाडी सुटते. आपली गाडी लाल रेषेजवळ पोचल्यावर एम मध्ये स्वतः वरचा गिअर घेते की तिथेच अडून राहते, हे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात पाहून ठेवावे.

घरात एकच गाडी दोघे-तिघे चालवत असतील तर गाडी थांबवून खाली उतरताना दांडी डी वरून नेऊन पी वर ठेवायची सवय लावावी आणि घरातल्या प्रत्येकाला पडद्यावरचा एम आणि त्यापुढचा आकडा एकदा दाखवून ठेवावा. पट्ट्या न वापरणाऱ्या वडिलांचा हात स्टिअरिंग फिरवताना डाव्या पट्टीला लागला आणि गाडी अचानक ओरडू लागली, तर त्यांनी घाबरून ब्रेक मारायचा नाही, पायही झटक्यात काढायचा नाही. उजवी पट्टी धरून ठेवायची किंवा दांडी डी वर आणायची, एवढे त्यांना माहीत असले पाहिजे.